वर केलेली करंगळी

कारखान्याचं धुराडं पेटलं की दोन दिवसांत बारामतीच्या हवेत मळीचा वास उतरतो. गोडसर, आंबूस, एकदा नाकात बसला की चार महिने न उठणारा. बाहेरगावच्या पाहुण्यांना मळमळतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, उलट हंगाम सुरू झाला म्हणून जरा बरंच वाटतं. मला मात्र गेली तीन वर्षं त्या वासाच्या मागोमाग दुसराही एक वास येतो, फिनेलचा. घरात फिनेलची बाटली नाही, मी ती आणणं केव्हाच बंद केलं, तरी येतो. सकाळी गॅलरीत उभं राहावं, खालून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत गाणी वाजवत ट्रॅक्टर जावा, की आधी मळी आणि मग फिनेल. मग मी आत जाते आणि तांब्याभर पाणी पिते. तहान असो, नसो.

आमच्या जिन्यात पहिल्या मजल्यावर शिंदेकाकूंच्या दाराशी निळ्या पाण्याची बाटली अजून उभी आहे. कपड्यांची नीळ घालून भरलेली. कुत्री त्या निळ्या पाण्याला भितात म्हणे आणि तिथं पाय वर करत नाहीत. खरं-खोटं कुत्र्यांनाच माहीत. ज्याच्यासाठी ती ठेवली होती तो जाऊन तीन हंगाम झाले. उन्हानं पाणी फिकट पडलं की काकू नव्यानं नीळ घालतात. त्या बाटली काढत नाहीत आणि मीही काढा म्हणत नाही.

त्या एका हंगामात मी दोघांना शिस्त लावायला निघाले होते. एक माझे वडील, आबा, वय अठ्ठ्याहत्तर. दुसरा त्यांचा कुत्रा, मुकादम, वय नऊ. कुठं करायचं, केव्हा करायचं, किती वेळ धरायचं, याची शिस्त. मी प्राथमिक शाळेतली बाई. सव्वीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेली. शिस्त लावणं हाच माझा धंदा आणि त्यात माझा हात धरणारं कुणी आहे असं मला वाटायचं नाही. सांगायला लाज वाटते, पण दोघंही शिकले.

पहिलीच्या वर्गात करंगळीला फार महत्त्व असतं. पोरानं करंगळी वर केली की "बाई, एकीला जाऊ?" असा त्याचा अर्थ. एकानं वर केली की दुसऱ्याला लागते, तिसऱ्याला लागते, पाच मिनिटांत अर्धा वर्ग करंगळ्या नाचवायला लागतो. म्हणून माझा नियम होता, पहिल्या करंगळीला नाही म्हणायचं. "आत्ताच सुट्टी झाली ना? बस खाली." खरोखर लागली असेल तर पोरगं परत विचारेल, मग बघू. हेडमास्तरीण नव्या बाईंना माझा वर्ग दाखवायला आणायच्या. "बघा, एक तरी उठतंय का?" एकही उठत नसे. वर्षातून दोन-चारदा एखादी बस्करपट्टी ओली व्हायची. ती धुऊन टाकली की झालं, असं माझं मत होतं.

शेळगावला आबांचं रान होतं. विहीर, तीन एकर ऊस, कडेला दोन खोल्यांचं घर. आई गेल्यावर आबा तिथं एकटे राहायचे आणि मुकादम दाराबाहेर. तो तिथं आला तोही हंगामाच्याच शेवटी. ऊसतोडीची टोळी पाचटाच्या कोप्या मोडून गावाकडं परत गेली आणि एका कोपीच्या जागेवर हे पिल्लू राहिलं. आबांनी उचलून आणलं. मोठा झाल्यावर तो तोडणी करणाऱ्या माणसांच्या मागं-पुढं असा मिरवायचा, की टोळी यानंच आणलीय. म्हणून नाव मुकादम. अंगानं तांबडा, एक कान खाली पडलेला, आवाज दमदार. उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, एवढाच आबांचा कायदा. सकाळी आबा टमरेल घेऊन बांधाला निघाले की तो मागं. आबा बाभळीच्या आड, हा बाभळीच्या पुढं. "आमच्या दोघांचा दस्त एकाच जागी हाय," आबा हसायचे. नऊ वर्षं त्यानं मातीशिवाय दुसरीकडं कुठं केलं नाही. फरशी म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

आबांना लघवीचा त्रास मी सांगतेय त्याच वर्षी सुरू झाला. वयोमानानं ग्रंथी वाढली होती. गोळ्या चालू होत्या. लागली की लगेच जावं लागे, धरवत नसे. हे मला माहीत होतं. डॉक्टरांनी माझ्यासमोरच सांगितलं होतं.

कार्तिकात आबांनी काढलं, की सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून घ्यायचं, एक अक्षर चुकलंय. मी रजा टाकली आणि त्यांना इंदापूरला तहसील कचेरीत घेऊन गेले. कचेरीला जायचं म्हणजे आबांचा पोशाख ठरलेला. पांढराशुभ्र पायजमा, पांढरा सदरा, दोन्हीला कडक इस्त्री. त्याला कारण होतं. माझ्या आज्ज्याला, म्हणजे आबांच्या वडलांना, पायरीखाली उभं राहून कागद वर सरकवावा लागायचा. गावच्या आडावर त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आज्ज्यानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला, आबांना सातवीपर्यंत शिकवलं, आबांनी मला बाई केलं. आबांनी स्वतःची विहीर काढली तेव्हा पहिले आठ दिवस रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारमारून पाणी पाजलं. "ये की, पाणी पिऊन जा. आमचं हाय." असा माणूस. कचेरीची पायरी तो इस्त्रीच्या कपड्यांत चढायचा, सावकाश, मधोमध.

रांगेत आमच्या पुढं अकरा माणसं होती. अर्धा तास गेला. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच करंगळी वर केली. "बाई, जाऊ का एकीला?" थट्टेनंच बोलले. मीही हसले. "आबा, आता नंबर आलाच की. धरा जरा. गेलात तर परत सगळ्यांच्या मागं." सोय इमारतीच्या मागं होती, जवळच. मी त्यांची जागा धरून उभी राहू शकले असते, पुढच्या माणसाला नुसतं सांगितलं असतं तरी भागलं असतं. एवढं साधं होतं ते. पण पहिल्या करंगळीला नाही म्हणायचं, हे माझ्या हाडीमासी भिनलेलं.

थोड्या वेळानं परत करंगळी. या वेळी ते हसत नव्हते. "पोरी, लई घाई हाय गं."

"थांबा म्हणलं ना!"

माझा वर्गातला आवाज निघाला. पुढची दोन माणसं वळून बघायला लागली. आबांनी करंगळी खाली घेतली आणि दोन्ही हातांनी कागदांची पिशवी पोटाशी धरली.

पांढऱ्या पायजम्यावर आधी एक रेघ उमटली, मग ती खाली पसरत गेली. चपलेतून फरशीवर. रांग मोडली, माणसं मागं सरली. "आरारा, म्हातारबाचं सुटलं की," कुणीतरी म्हणालं. वाईट भावनेनं नव्हे, कळवळूनच. आणि एकानं विचारलं, "कोण हाय यांच्यासंगं?"

मी दोन पावलं बाजूला झाले. पाणी पायाशी येत होतं म्हणून झाले, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगून बघितलं. पण चोराच्या मनात चांदणं. खरं हे, की त्या प्रश्नाचं उत्तर मला क्षणभर द्यायचं नव्हतं. आबांनी मान वळवून मला शोधलं, मी जिथं होते तिथं नव्हते, आणि मग मी दिसले. त्यांनी लगेच नजर काढून घेतली. मला ओशाळं वाटू नये म्हणून.

परतीच्या एसटीत जागा होती तरी आबा शेळगावपर्यंत उभे राहिले. सीट खराब होऊ नये म्हणून. पिशवी पुढ्यात धरून. आणि मी, माझी जीभ झडो, वरून त्यांनाच म्हणाले, "सांगायचं ना आबा वेळेवर."

"सांगितलं की गं," आबा म्हणाले. "दोनदा."

त्यानंतर आबांनी पाणी कमी केलं. आधी कुठं जायचं असलं की सकाळपासून घोट घेईनात. मग मी रविवारी गेले की माझ्यासमोर पिईनात. भाकरीबरोबर तांब्या ठेवला तर तो तसाच. "आबा, पाणी घ्या की." "तहान न्हाय." थंडी होती, मला ते खरंही वाटलं. उलट मनातून बरं वाटलं, की बघा, सवय लावली की लागते. चादरी कोरड्या राहायला लागल्या. आज्ज्याला ज्यांनी वरून पाणी ओतलं त्यांना लोक नावं ठेवतात. मी तर स्वतःच्या बापाचं पाणी तोडलं, त्याच्याच विहिरीवर बसून.

पौषात आबांना ताप भरला. बारामतीच्या दवाखान्यात आठ दिवस होते. संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेलेला. डॉक्टर म्हणाले, वय होतं, ग्रंथी होती, कुणाच्याच हातात नव्हतं. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "पाणी कमी पीत होते का?" मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

आमच्यात माणूस गेला की जलदान विधी करतात. भन्ते पात्रात धार धरून पाणी ओततात, पात्र भरून वाहायला लागतं. सगळ्यांनी हात जोडले होते. मला त्या धारेकडं बघवेना. मी उठून बाहेर गेले. बायांना वाटलं, लेकीला सोसवत नाही. सोसवत नव्हतंच, पण कारण वेगळं होतं.

बाहेर आबांच्या रिकाम्या बाजेखाली मुकादम पडला होता. रान कसणारा माझा चुलतभाऊ दिगंबर म्हणाला, "ताई, ह्यो तुकडा खाईना झालाय. बाजंखालनं हलत न्हाय. घिऊन जा तुमी, न्हायतर हितंच जातंय बघा." आमचे हे नोकरीला सोलापूरला, लेक पुण्याला, फ्लॅटमध्ये मी एकटीच. मी त्याला दिगंबरच्या टेम्पोत घातलं. आबांचं काहीतरी माझ्या हातून नीट व्हावं, एवढीच त्यामागची इच्छा.

उंबऱ्यापाशी तो अडून बसला. नऊ वर्षांचा कायदा. दोघांनी ओढून आत घेतला. चकचकीत फरशीवर त्याचे पाय घसरत होते. माती शोधत तो सगळ्या घरात हिंडला, नाकानं कोपरे हुंगत, हळू आवाजात कण्हत. त्याला बाहेर न्यायला हवं हे मला समजायला हवं होतं. मी त्याच्यासाठी भाकरी कुस्करत बसले. मग त्यानं सोफ्याच्या पायाशी पाय वर केला.

पहिल्यांदा मी रागावले नाही. फिनेल टाकून पुसलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर परत तीच जागा. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याला शिंदेकाकूंच्या दारातली तुळशीची कुंडी दिसली. सबंध इमारतीत माती म्हणून जी होती ती तिथंच. काकू किंचाळल्या. त्यांचंही काय चुकलं? संध्याकाळपर्यंत निळी बाटली आली, आणि सोसायटीचे चेअरमन येऊन अदबीनं सांगून गेले, "बाई, पंधरा दिवस बघा. नाहीतर रानात सोडा परत. इतर लोकांचंही ऐकावं लागतं." दिगंबर राहायचा गावात, रानात त्याला बघणारं कुणी नव्हतं. पंधरा दिवसांत तो शिकला नाही तर त्याला घर नव्हतं, आबांची ती एक वस्तूही माझ्या हातून जाणार होती.

सल्ल्यांना काय तोटा! सगळ्यांचा सल्ला एकच. जिथं केलं तिथं नाक घासा आणि पेपरची सुरळी करून दोन हाणा. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," काकू म्हणाल्या, "पण बघा प्रयत्न करून." मी प्रयत्न केला. शाळेतून यायचं, ओलं दिसलं की त्याला मानेला धरून तिथं न्यायचं, नाक टेकवायचं, "हे काय? हे काय?" विचारायचं आणि सुरळी. केलेलं असायचं सकाळी, मार पडायचा दुपारी. तो कशाचा, त्याला काय कळणार? तो गुरगुरला नाही एकदाही. आबांच्या हाताला कधी मार नव्हता, त्यामुळं मारताना तो माझ्या तोंडाकडं बघायचा. मी पहाटे साडेपाचला त्याला कालव्याच्या रस्त्यानं न्यायची, घड्याळ लावून, दहा मिनिटं. दहा मिनिटांत झालं तर ठीक, मला शाळा होती. वर्गातला नियम, वर्गातलाच आवाज.

माघात वारस नोंदीसाठी परत इंदापूरला जायचं आलं. दिगंबर टेम्पो घेऊन आला, म्हटलं मुकादमलाही नेऊ, येताना रान दाखवू. टेम्पोत ऊन लागायला लागलं म्हणून मी त्याला पट्ट्यानं धरून कचेरीच्या व्हरांड्यात सावलीला आणलं. रांग होतीच. त्यानं खांब हुंगला, माझ्याकडं बघितलं, थांबला, परत हुंगला आणि पाय वर केला.

"ए, ए! कुणाचं हाय हे कुत्रं?" रांगेतला एक जण ओरडला. धार वाहत फरशीवर आली. लोक मागं सरले, अगदी तसेच.

या वेळी मी बाजूला झाले नाही. "माझंय!" म्हणाले. आणि पट्टा दुहेरी करून त्याला मारलं. एक, दोन, तीन. मी जबाबदार बाई आहे, मला चाड आहे, हे लोकांना दिसावं म्हणून मारलं. चौथा फटका मारणार तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, मुकं जनावर हाय. त्येला काय कळतंय? माती टाक वरून अन् सोड." तिनंच बाहेरून ओंजळभर माती आणून टाकली. मुकादम खांबाला चिकटून बसला होता, डोळे मिटून. धार मध्येच तुटली होती.

त्या दिवसानंतर मुकादमनं माझ्यासमोर लघवी केली नाही.

आधी मला कळलंच नाही. घर कोरडं राहायला लागलं. तो काकूंच्या कुंडीकडं बघेना. पंधरावा दिवस उलटला आणि चेअरमन जिन्यात भेटून म्हणाले, "वा, बाईंचाच विद्यार्थी शेवटी!" काकूंनी वाटीभर शिरा वर पाठवला. मी मुकादमला त्यातला घास दिला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो जरा दबला. मी वर्गात पोरांना सांगितलं, "आमचा मुकादम तुमच्यापेक्षा शहाणा आहे."

कालव्याच्या रस्त्यानं मात्र तो नुसता चालायचा. झाड हुंगायचा, पाय उचलल्यासारखा करायचा, मागं वळून पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मला बघायचा, आणि पाय खाली. दहा मिनिटं, अर्धा तास, एक तास. मी शाळेत गेल्यावर तो मोरीत जाऊन थोडं करत असावा, कारण मोरीला वास यायचा. मी तिथंही फिनेल ओतलं आणि दार लावून जायला लागले. मग तेही बंद झालं. मग एक दिवस लक्षात आलं, की त्याच्या पाण्याचं भांडं मी सकाळी भरते तेवढंच संध्याकाळी असतं.

मी भांड्यासमोर बसले. "पी की रे," मी म्हणाले. भांडं त्याच्या तोंडाशी नेलं. त्यानं तोंड फिरवलं. पोट ताठ झालं होतं, हात लावला तर अंग चोरायचा. तहान न्हाय. हे शब्द माझ्या कानात असे आले की मी तशीच उठले, रिक्षा केली आणि वडगाव निंबाळकरला निघाले. माझी शाळा तिथंच, त्यामुळं तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातले मुलाणी डॉक्टर ओळखीचे.

रस्ताभर उसाच्या गाड्या लागत होत्या. फाल्गुन लागलेला, हंगाम आवरत आलेला, दोन्ही बाजूंची रानं मोकळी पडलेली. मुकादमचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मुलाणी डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि नळी घालून मोकळं केलं. किती तरी वेळ येत होतं, तांबूस. मी सगळं सांगितलं, सुरळी, नाक, इंदापूर. ते हात धुता धुता ऐकत होते. "बाई, रागावू नका," ते म्हणाले, "तुमी त्याला घरात करू नको असं शिकवलं न्हाय. माणसासमोर करू नको असं शिकवलं. त्यो चांगला हाय ओ, लई चांगला हाय, म्हणून धरून ठेवतोय. वांड असता तर ही वेळ आली नसती." मग त्यांनी योग्य रीत सांगितली. खाल्ल्यावर, उठल्यावर, पाणी प्यायल्यावर लगेच मातीवर न्यायचं. केलं की शाबासकी. चुकून घरात झालं तर तोंडातून शब्द न काढता पुसायचं, आणि फिनेल नको, त्याच्या वासानं ती जागा त्याला उलट सापडते. मोठ्या कुत्र्यालाही येतं हे सगळं, महिना-दोन महिन्यांत. फक्त घाई करायची नाही आणि हात उगारायचा नाही. सगळं ऐकून घेतलं मी, शहाण्या मुलीसारखं. मग ते म्हणाले, "रक्त तपासायला घेतो. पाणी पितो का हा?"

दुसऱ्या वेळी विचारलेला तोच प्रश्न. या वेळी मी मान हलवली नाही. "नाही," म्हणाले. "माझ्यामुळं."

रोज सकाळी या, असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. शेळ्या घेतलेल्या बाया, एक वासरू, पाच-सहा माणसं. मुकादम माझ्या पायाशी उभा होता. एकाएकी त्याचे मागचे पाय थरथरायला लागले. त्यानं दाराकडं बघितलं, दार लांब होतं. माझ्याकडं बघितलं. कान पाडले, मान खाली घातली, डोळे मिटले आणि मग त्याचं सुटलं. फरशीवर, सगळ्यांसमोर. तो मार खायला तयार उभा होता.

शेजारच्या बाईनं लुगडं आवरलं. वासरूवाला उठून मागं झाला. "कुणाचं हाय ओ हे?"

मी खाली बसले, त्या ओल्यातच. दोन्ही हात त्याच्या मानेभोवती घातले. "माझंय," म्हटलं. "माझंच हाय. कर, कर माझ्या राजा. किती लागलीय तुला. कर आबा." काय बोलले ते बोलून गेल्यावर समजलं. शेळीवाल्या बाईनं माझ्याकडं नीट बघितलं, आणि तिच्या शेळ्यांची पाण्याची बादली माझ्याकडं सरकवली. मुकादमनं डोळे उघडले. मार आला नाही म्हणून असेल, तो थोडा वेळ गोंधळला. मग बादलीत तोंड घालून चपचप पाणी प्यायला. मी माझ्या पदरानं फरशी पुसली. लोक बघत होते. बघोत.

हे इथं थांबायला हवं होतं. त्या दुपारी मी घरात जागोजागी माती भरलेल्या परड्या ठेवल्या, मोरीचं दार काढून टाकलं, चेअरमनना सांगितलं की काय करायचं ते करा, कुत्रा इथंच राहील. काकूंना सांगितलं, तुमची कुंडी भरून देईन. पण रक्ताचा कागद आला आणि मुलाणी डॉक्टरांनी तो माझ्यापुढं न धरता घडी करून खिशात ठेवला. मूत्रपिंडं गेली होती.

पाच दिवस मिळाले. मी रजा टाकली. हॉलमध्ये त्याच्याजवळ गादी घातली. "घरातच कर," मी त्याला सांगायची, "सोफ्यावर कर, माझ्या अंगावर कर, काय होत नाही." शिकवलेलं पुसायला फडकं नसतं. सहाव्या सकाळी मी चहा ठेवायला उठले. तेवढ्या वेळात, ज्याला दोन दिवस उभंही राहता येत नव्हतं, तो स्वतःला ओढत दारापर्यंत गेला. मी आले तेव्हा उंबऱ्यावर नाक टेकवून पडला होता. घरात करायचं नाही, म्हणून. अंग अजून गरम होतं.

मी सगळ्या घरातनं हात फिरवून बघितला. फरशी कोरडी ठणठणीत होती. परड्यांतली माती जशीच्या तशी.

शिंदेकाकू वर आल्या. त्यांनी स्वतःची धुतलेली चादर आणली होती. "गुणाचा होता हो," म्हणाल्या आणि रडल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी लावलेली मेल्यावरही गेली नाही. शेळगावला बाभळीखाली पुरला त्याला. आबांचा ऊस त्याच आठवड्यात तुटून गेला होता, रान उघडंबोडकं, आणि टोळीची माणसं कोप्या मोडत होती. दिगंबरनं खड्डा भरला. मी विहिरीवरून कळशी आणली आणि वर ओतली, सगळी.

आता माझ्या वर्गात करंगळी वर करायची नाही असा नियम आहे. लागली की उठायचं आणि जायचं, कुणाला विचारायचं नाही. दिवसभर पोरांची ये-जा चालू असते. हेडमास्तरीणबाई आता नव्या बाईंना माझा वर्ग दाखवायला आणत नाहीत. "अहो, शिस्त कुठं गेली तुमची?" विचारतात. मी म्हणते, गेली.

पण हंगाम सुरू झाला की टोळ्यांबरोबर नवी पोरं वर्गात येतात. त्यांना आमचा नियम माहीत नसतो. परवाच एक चिमुरडी आली, पाठीमागं बसली, आणि थोड्या वेळानं भीत भीत तिची करंगळी वर आली. खिडकीतून मळीचा वास येत होता. माझा खडू थांबला.

"जा," मी म्हणाले. "पळ. आणि येताना पाणी पिऊन ये."

ती गेली. मी फळ्याकडं वळले. पाठीमागं रांगेत पांढरा पायजमा घातलेला एक म्हातारा अजून करंगळी वर करून उभा आहे, आणि त्याला मी काय सांगू ते मला कळत नाही.